पायलट अभ्यासासाठी छोटं अनुदान: बजेटमध्ये काय मागू?

वाळपईची डॉक्टर: नुकतीच एमडी झालेय. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गोचिडी चावल्याने होणारा माकडताप येतो, म्हणून काजूबागांतल्या बायका गोचिडी पळवणारं तेल रोज लावतील का, ते आधी लहान प्रमाणात बघायचंय. ‘नमुना फारच लहान’ असा शेरा येईल अशी धास्ती वाटते. लॅपटॉप मागू का?

बांबोळीचा सिनियर: लॅपटॉप नको गं. तेल गुणकारी आहे का, हे पायलटमध्ये ठरवायचंच नसतं. किती जणी तयार होतात, किती मध्येच सोडतात, हे मोज आणि तेच उद्दिष्ट म्हणून लिही. कुठल्या आकड्याखाली मोठा अभ्यास करायचाच नाही, तेही आधीच ठरव. पैसा माणसांवर घाल: कोंकणी बोलणारी कार्यकर्ती, कदंबा बसचं भाडं, बायकांची बुडलेली रोजंदारी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नीतितत्त्वांत ही भरपाई बसते. त्या बाया सकाळीच बागेत शिरतात. त्यांना दुपारी दवाखान्यात बोलावलंस तर कोणी येणार नाही, तूच बागेत जा.

मडगावकर: तेल तुम्ही वाटणार असाल तर ती क्लिनिकल चाचणी ठरू शकते. मग पहिली बाई घेण्याआधीच सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी हवी. एथिक्स समितीचा अर्ज पावसाळ्यातच टाका, नाहीतर काजूचा हंगाम हातचा जाईल.

वाळपईची डॉक्टर: लॅपटॉप काढला. रोजंदारीचा दर बागेतच विचारून घेते.