‘इंडी पॉप’, ‘इंडिपॉप’ आणि त्यांच्या आसपासचे शब्द

नौपाड्याहून प्रश्न : ब्रिटनमधल्या ब्रिस्टल, ग्लासगो किंवा न्यूझीलंडमधल्या डनीडिन इथल्या छोट्या लेबलांचं (रेकॉर्ड कंपन्यांचं) संगीत ठाण्यात बसून ऐकणाऱ्यांना पहिली अडचण शब्दाचीच येते. ‘इंडी पॉप’ म्हटलं की समोरचा अलीशा चिनॉय, लकी अली यांच्याकडे वळतो. लिहिताना फरक कसा दाखवावा? आणि ‘इंडी’ला सरळ ‘स्वतंत्र’ म्हटलं तर चालेल का?

ऐरोलीहून : समोरचा चुकत नाही. ‘मेड इन इंडिया’ 1995 चं, ‘सुनो’ 1996 चं, आणि त्या लाटेला आपल्याकडे ‘इंडिपॉप’च म्हणत. त्यातला ‘इंडि’ म्हणजे भारतीय. गंमत अशी की हे नाव त्याआधी ब्रिटनमध्ये होतं. शीला चंद्रा ज्यात गात त्या ‘मान्सून’ बँडचे स्टीव्ह को यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘इंडिपॉप’ याच नावाचं छोटं लेबल काढलं होतं. म्हणजे एकाच नावात ‘इंडियन’ आणि ‘इंडिपेंडंट’ हे दोन्ही अर्थ नांदत होते.

लेखनापुरतं : भारतीय ते ‘इंडिपॉप’, जोडून आणि ऱ्हस्व. दुसरं ‘इंडी पॉप’, तोडून आणि दीर्घ. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ असतो, म्हणून सुटा ‘इंडी’ दीर्घ. पुढे ‘पॉप’ जोडला की तो शेवटचा राहत नाही. बोलताना मात्र हा फरक ऐकू येत नाही, तिथे लेबलचं किंवा गावाचं नाव घेणं बरं.

नेरुळहून : ‘स्वतंत्र’ला माझा विरोध आहे. मराठीत ‘स्वतंत्र नाटक’ म्हणजे भाषांतर किंवा रूपांतर नसलेलं नाटक. ‘स्वतंत्र पॉप’ वाचणारा ‘चाल उचललेली नाही’ असंच समजेल. मूळ शब्दाचा रोख चालीवर नव्हताच, तो वितरणावर होता. ब्रिटनमध्ये जानेवारी 1980 पासून इंडी विक्रीयादी छापली जाऊ लागली. तिच्यात येण्याची अट एवढीच, की रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात गेली पाहिजे. त्यामुळे कायली मिनोगच्या डान्स पॉपच्या रेकॉर्डसुद्धा त्या यादीत आल्या. ‘इंडी’ हा एका ठरावीक आवाजाचा शब्द नंतर झाला, मुख्यतः 1986 मध्ये ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाने काढलेल्या ‘सी86’ या 22 गाण्यांच्या कॅसेटनंतर.

ऐरोलीहून : मान्य. मग ‘इंडी’ तसाच ठेवू. पण ‘फॅनझीन’ला, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या छोट्या अंकाला, आपला शब्द आहेच : अनियतकालिक. 1954 मध्ये सायक्लोस्टाइलवर निघालेलं ‘शब्द’ हे मराठी अनियतकालिक आणि ब्रिस्टलची फॅनझीन यांची जातकुळी एकच. थोड्या प्रती, घरचे पैसे, टपालाने वाटप. 1987 ते 1995 चाललेल्या ब्रिस्टलच्या ‘सारा रेकॉर्ड्स’ लेबलचे दोघे संस्थापक आधी फॅनझीन काढत आणि सोबत फ्लेक्सी, म्हणजे वाकणारी प्लास्टिकची रेकॉर्ड, देत.

नौपाड्याहून : ‘फ्लेक्सी’चं काय करायचं? ठाण्यात ‘फ्लेक्स’ म्हणजे चौकातला वाढदिवसाचा फलक.

नेरुळहून : ‘पातळ तबकडी’ म्हणा. ‘लवचीक’ बरोबर आहे, पण वापरणाऱ्याला पातळपणाच जाणवतो, आणि त्रास त्याचाच होतो. कागदासारखी हलकी असल्याने ती एकटी लावली की घसरते आणि सुई त्याच खाचेत फिरत राहते. खाली नेहमीची सपाट रेकॉर्ड ठेवायची, वर ही. तरीही घसरली तर मधल्या भोकाजवळ, खाचा संपतात त्याच्या आत, एक नाणं ठेवायचं. नाणं बाहेर सरकलं तर शेवटी सुईचा दांडा त्याला धडकतो. वेग तबकडीवर छापलेला असतो, तो आधी वाचा. मिनिटाला 45 फेऱ्यांची तबकडी 33 वर लावली तर गाणं पाचएक अर्धस्वर खाली उतरतं, आणि अनोळखी बँड असेल तर चूक लक्षातही येत नाही.

ऐरोलीहून : गिटारच्या ‘जँगल’ला मराठी शब्द हवाच, कारण तो लिहिला की लोक ‘जंगल’ वाचतात. बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारचा तो आवाज. तारांच्या सहा जोड्या असतात. खालच्या सुरांच्या चार जोड्यांत एक तार दुसरीच्या सप्तकभर वर, उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात. जोडीतल्या तारा केसभर इकडेतिकडे असतात म्हणून आवाज चमकतो. ‘झणकार’ फार मोठा होतो, ‘खुळखुळ’ला सूर नाही. मी ‘किणकिण’ म्हणेन. ‘किणकिणती गिटार’ लगेच कळतं.

नौपाड्याहून : ‘जवारी’ नाही का?

ऐरोलीहून : नको. जवारी घोडीवर घासणाऱ्या तारेची असते, किणकिण जोडीची. कारण वेगळं, कानाला लागणंही वेगळं.

नेरुळहून : गोडगोड, बालिश वाटणाऱ्या इंडी पॉपला म्हणतात त्या ‘ट्वी’ला ‘लाडिक’. इंग्रजीत तो शब्द लहान मुलाच्या बोबड्या ‘स्वीट’मधून आला, आणि ‘लाडिक’मध्येही तेच प्रेम आणि तीच टीका आहे.

एक शब्द सगळ्यांना फसवतो : ‘बँडकॅम्प फ्रायडे’. बँडकॅम्प म्हणजे बँड आणि लेबलं आपलं संगीत थेट विकतात ते संकेतस्थळ. हा प्रकार 20 मार्च 2020 ला सुरू झाला. अशा जाहीर केलेल्या शुक्रवारी बँडकॅम्प आपला वाटा घेत नाही, एरवी डिजिटलवर 15 टक्के आणि वस्तूंवर 10 टक्के घेतं. पण हा शुक्रवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा. आपल्याकडे तो शुक्रवारी दुपारी साडेबाराला लागतो, त्यांच्या हिवाळ्यात दीडला, आणि शनिवारी त्याच वेळी संपतो. शुक्रवारी सकाळी घेतलेल्या अल्बमचा वाटा नेहमीसारखाच कापला जातो. म्हणून मराठीत लिहिताना ‘शुक्रवार दुपार ते शनिवार दुपार’ असंच लिहा.

नौपाड्याहून : शेवटचा : ‘सीन’, म्हणजे एखाद्या गावातले बँड आणि त्यांच्याभोवतीची मंडळी. आपल्याकडे ‘काय सीन आहे?’ म्हणजे भानगड. ‘घराणं’ म्हणावं का?

ऐरोलीहून : घराण्याला गुरू आणि तालीम लागते. डनीडिनमध्ये तसं नव्हतं. एकाच गावातली मंडळी, एकमेकांच्या बँडमध्ये वाजवणारी. ‘कट्टा’ जवळचा आहे, पण कट्ट्यावर रोज जाता आलं पाहिजे.

नेरुळहून : मग इथल्या चाहत्यासाठी ‘बाहेरगावचा वर्गणीदार’. मराठी मासिकांचा जुना शब्द आहे. कट्ट्यावर नसतो, टपालखर्च वेगळा भरतो, अंक उशिरा मिळतो, आणि त्याच्या पैशावर पुढचा अंक निघतो. विकत न घेता नुसतं स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्याला मात्र हा शब्द लावू नये. त्याला ‘श्रोता’.