तापमानसंवेदी जेलच्या झडपेचे मॉडेल: औष्णिक प्रसरणाचे गणित पुरेसे आहे का?

सूक्ष्मप्रवाह (प्रश्न)

नमस्कार. माझे पीएचडीचे काम मायक्रोफ्लुइडिक (केसाएवढ्या बारीक चॅनेलमधून द्रव नेणाऱ्या) चिपमधील तापमानसंवेदी झडपांच्या संगणकीय मॉडेलवर आहे. झडप म्हणजे चॅनेलमध्ये बसवलेला पीनिपॅम या तापमानसंवेदी पॉलिमरच्या जेलचा छोटा दंडगोल. सुमारे 32 अंश सेल्सिअसच्या खाली तो पाणी शोषून फुगतो आणि मार्ग बंद करतो. तापमान त्यावर गेले की तो आकसून मार्ग मोकळा करतो. फ्लोरी आणि रेनर यांच्या मुक्त ऊर्जेवर आधारलेले, विस्थापन आणि केमिकल पोटेन्शियल (पाण्याला जेलमध्ये शिरायला किंवा बाहेर पडायला लावणारी राशी) एकत्र सोडवणारे फाइनाइट एलिमेंट मॉडेल, म्हणजे जेलचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून केलेले गणित, मी लिहिले आहे. मात्र संक्रमण तापमानाजवळ समीकरणे टप्प्याटप्प्याने सोडवणारी न्यूटन पद्धत उत्तराकडे जात नाही, आणि पहिल्या काही टाइम स्टेपमध्ये पृष्ठभागाजवळचे केमिकल पोटेन्शियल निरर्थकपणे वरखाली होते. प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचा सल्ला असा की, फुगणे म्हणजे औष्णिक प्रसरणच आहे असे मानून तयार सॉफ्टवेअरमध्ये काम उरकावे. प्रबंधासाठी एवढे चालेल का?

विसरणवादी

झडपेला आपण कोणता प्रश्न विचारणार आहात, यावर हे ठरेल. ती कोणत्या तापमानाला बंद होते आणि बंद झाल्यावर भिंतीवर किती दाब देते, एवढेच हवे असेल, तर मोजलेल्या फुगण्याच्या वक्रावरून तापमानानुसार बदलणारा प्रसरण गुणांक काढून केलेले गणित बऱ्यापैकी चालते. ड्रेस्डेनमधील जेल-आधारित सूक्ष्मयंत्रणांच्या संशोधनात ही वाट वापरली गेली आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. एक सावधगिरी मात्र हवी: भिंतीला टेकल्यावर जेलमधील ताण वाढतो, त्यामुळे त्याची पाणी शोषण्याची क्षमताच घटते, आणि मुक्तपणे फुगणाऱ्या नमुन्यावर मोजलेल्या वक्रात हा परिणाम कोठेच नसतो.

उघडण्या-मिटण्याचा वेळ हवा असेल, तर विसरण, म्हणजे पाणी जेलमध्ये हळूहळू पसरणे, टाळता येणार नाही. तानाका आणि फिलमोर यांनी 1979 साली दाखवले की, गोलाकार जेलचा प्रतिसादकाल त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सहकारी विसरण गुणांक (जाळी आणि पाणी मिळून किती वेगाने सरकतात याचे माप) 3 गुणिले 10 चा उणे 11 वा घात चौरस मीटर प्रति सेकंद धरला, तर 100 मायक्रोमीटर त्रिज्येसाठी सुमारे 34 सेकंद लागतात आणि 1 मिलिमीटरसाठी जवळजवळ एक तास. बीबी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली चॅनेलमध्येच घडवलेल्या पीएच-संवेदी झडपांमध्ये खांबांभोवती जेलचे पातळ थर वापरले, त्यामागचे कारण हेच. आपल्या बाबतीत उष्णता पाण्यात या विसरणाच्या हजारो पट वेगाने पसरते आणि प्रवाह काही मिलिसेकंदांत स्थिरावतो, त्यामुळे उष्णता आणि प्रवाह ही दोन्ही समीकरणे स्थिर अवस्थेची मानून बराच खर्च वाचवता येईल.

टेकाळे_संख्या

आपल्या दोन अडचणींचे मूळ एक नाही.

संक्रमणाजवळ, पॉलिमरचे प्रमाण आणि तापमान या दोन्हींवर अवलंबून असलेला फ्लोरी-हगिन्स गुणांक (पॉलिमर आणि पाणी यांचे किती जुळते याचे माप) घेतला, तर एकाच तापमानाला समतोलाची एकाहून अधिक उत्तरे मिळू शकतात. असे असेल, तर सॉल्व्हर थबकणे हा प्रोग्राममधील दोष नसून आकारमानाच्या त्या खंडित संक्रमणाचे लक्षण आहे, ज्याचे निरीक्षण तानाकांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केले होते. म्हणून आधी एका एलिमेंटवर, कोणत्याही विसरणाविना, फुगण्याचा वक्र काढून पाहा. तो मागे वळत असेल, तर तापमानाची पायरी लहान करून फारसे साधणार नाही. वक्राच्या लांबीवरून पुढे सरकणारी चापलांबी पद्धत वापरा, किंवा तापमानाऐवजी जेलचे आकारमान नियंत्रित करा.

वरखाली होणाऱ्या मूल्यांचे कारण वेगळे आहे. पहिल्या क्षणी पाणी हललेलेच नसते, म्हणून जेल असंपीड्य पदार्थासारखे वागते, आणि दोन्ही क्षेत्रांना समान घाताचे एलिमेंट असतील तर उत्तर बिघडते. विस्थापनाला द्विघाती आणि केमिकल पोटेन्शियलला एकघाती एलिमेंट घ्या. त्याशिवाय टाइम स्टेपला खालची मर्यादाही असते: भाराखाली ओली चिकणमाती खचण्याच्या गणितात व्हरमीर आणि व्हेरुइट यांनी 1981 साली दिलेला निकष सांगतो की, तो एलिमेंटच्या लांबीच्या वर्गाला विसरण गुणांकाच्या सहापटीने भागून येणाऱ्या वेळेपेक्षा लहान नसावा. 5 मायक्रोमीटरच्या एलिमेंटला ही मर्यादा सुमारे 0.14 सेकंद येते. अचूकतेच्या हव्यासाने टाइम स्टेप आणखी लहान करणारा विद्यार्थी नेमका उलट्या दिशेने जातो. मेश (एलिमेंटची जाळी) केवळ पृष्ठभागाजवळ बारीक केलात, तर लहान टाइम स्टेपही चालतील. आणि गणनेची सुरुवात कोरड्या अवस्थेपासून करू नका. तेथे केमिकल पोटेन्शियल उणे अनंताकडे जाते.

जाळीदार

वरील दोघांचे म्हणणे मला मान्य आहे, पण प्रबंध सॉल्व्हरवर उभा राहत नाही, मापनांवर राहतो. चॅनेलमध्ये अतिनील प्रकाशाने घडवलेल्या जेलमध्ये जोडबंधांची (पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधणाऱ्या दुव्यांची) घनता सर्वत्र सारखी असेलच असे नाही, आणि इतरांच्या शोधनिबंधांतून उचललेले गुणांक त्यांच्या जेलचे असतात, आपल्या नव्हे. कर्तन गुणांक (कडेने ढकलल्यावर जेल किती विरोध करते याचे माप) आणि मुक्त फुगणे एकाच वेळी बनवलेल्या नमुन्यांवर मोजा, आणि मॉडेलची परीक्षा तिसऱ्याच राशीवर घ्या, उदाहरणार्थ बंद झडप किती दाबाला गळू लागते यावर. अरुंद फटीतील प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो, म्हणजे फटीत 10 टक्क्यांची चूक झाली तर प्रवाहात 33 टक्क्यांची होते. केवळ फुगलेला व्यास जुळला म्हणून झडपेचे मॉडेल सिद्ध झाले, असे मला तरी म्हणवत नाही.

सूक्ष्मप्रवाह

तिघांचेही आभार. एका एलिमेंटवरचा वक्र खरोखरच मागे वळतो आहे. एक शंका उरते: तापवल्यावर आकसण्याचा वेळ फुगण्याच्या वेळेपेक्षा बराच जास्त येतो. हे खरे मानावे का?

विसरणवादी

मानता येईल. तापमान झटकन वाढवले की बाहेरचा थर आधी आकसून दाट होतो आणि आतल्या पाण्याची वाट अडवतो. विसरण गुणांक पॉलिमरच्या प्रमाणानुसार बदलू दिला असेल, तरच मॉडेलमध्ये हा दुधावरच्या सायीसारखा थर नीट दिसतो. गुणांक स्थिर धरला असेल, तर मिळालेल्या वेळेकडे संशयाने पाहा. तपासणीसाठी तापमान एकदम न वाढवता सावकाश चढवून पाहा: थर तयार होण्याचा परिणाम असेल, तर हा फरक कमी होत जाईल.