केबल आली, पण दुसरी वाट कुठे आहे?

पंचायतीपर्यंत इंटरनेटची फायबर केबल पोहोचली की काम झालं, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. इंदूरजवळ देपालपूरच्या बाजूला मावसभावाची शेती आहे. तिथं पंचायतीच्या भिंतीवर पेटी लागलीये, पण पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खणताना जेसीबीनं केबल तोडली आणि पुढची सगळी गावं एकदम बंद. पोरं फॉर्म भरायला पुन्हा देपालपूरला! फार वाईट वाटतं हो.

भारतनेटची, म्हणजे गावोगावी इंटरनेट नेण्याच्या सरकारी योजनेची केबल सुरुवातीला बहुतेक ठिकाणी ब्लॉकपासून (तालुक्याच्या पातळीवरच्या ठिकाणापासून) एकाच सरळ रेषेत टाकली गेली, त्यामुळे मध्ये तुटली की पर्यायच नाही. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेच्या सुधारित कार्यक्रमात पंचायती रिंगनं, म्हणजे केबल गोल फिरवून, जोडायच्या आहेत. एका बाजूनं तुटली तरी दुसऱ्या बाजूनं नेट चालू राहतं. स्पीडचं नंतर बघू, आधी सरपंचांना विचारा, आपली पंचायत रिंगमध्ये आली का?