मदत हवी आहे: तुकड्यातुकड्याने शब्द ऐकवताना

ऐकणाऱ्याला शब्द नेमका कुठे कळतो, हे तपासायला मानसभाषाशास्त्रज्ञ फ्रान्स्वा ग्रोजाँच्या १९८० च्या पद्धतीने प्रयोग करतेय. शब्दाचा सुरुवातीचा तुकडा दर वेळी ५० मिलिसेकंदांनी वाढवून ऐकवायचा आणि अंदाज विचारायचा. ध्वनिमुद्रण माझं, कापाकापी प्रात (Praat) या ध्वनी-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये, ऐकणारे १२, सगळे मराठी मातृभाषेचे, हेडफोन लावून.

'कापूस' आणि 'कापूर' शेवटच्या व्यंजनापर्यंत सारखे, तिथे निकाल अपेक्षेप्रमाणे आला. पण सामान्यरूपात ऊ गळतो. 'कापसाला', 'कापराला' यांत फरक एक ध्वनी आधीच दिसतो, आणि लोक तिथेच ओळखतात. (लहान तुकड्यांना 'कात', 'काट' अशी उत्तरं यायची. तो अचानक कापल्याचा टक् होता. शेवटचे ५ मिलिसेकंद आवाज उतरवत नेला, सुटलं.)

शब्दकोशावरून वेगळेपणाचा बिंदू (ज्या ध्वनीनंतर दुसरा कुठलाच शब्द जुळत नाही ती जागा) काढून पाहिला, पण त्यात मूळ रूपंच असतात, म्हणून 'कापसाला'ला तो उपयोगी नाही. बोलण्यात कुठला शब्द किती वेळा येतो याची यादी हाताशी नाही. शब्द बदलता येतील, पण विभक्तीची रूपं ठेवायचीच आहेत, विषयच तो आहे.

तर 'कापसाला'चे स्पर्धक (ऐकताना त्याच सुरुवातीमुळे मनात येऊ शकणारे इतर शब्द) मोजताना फक्त सामान्यरूपं धरायची, की 'कापणे', 'कापड' यांच्यासकट 'काप'ने सुरू होणारं सगळं?