वर्डकॅम्पला जावं की ते पैसे जाहिरातीला लावावेत?

प्रश्न (कोल्हापूर):
आम्ही चौघं मिळून गुळाचे व्यापारी, चपलांची दुकानं यांच्या वेबसाइट करतो. वर्डकॅम्पचं, म्हणजे वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या संमेलनाचं, तिकीट परवडतं, पण दोन दिवस काम बंद ठेवून गिऱ्हाईक मिळतं का? की पैसे गूगलच्या जाहिरातींत घालू?

उत्तर (पुणे):
गिऱ्हाईक शोधायला नको, शिकायला जा. पहिला वर्डकॅम्प 2006 साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला. आजही सगळं स्वयंसेवक सांभाळतात, वक्त्यांना मानधन नसतं. कॉन्ट्रिब्युटर डेला, म्हणजे सगळे मिळून वर्डप्रेससाठी काम करतात त्या दिवशी, मी मराठी भाषांतराच्या टेबलावर बसलो होतो. ‘डॅशबोर्ड’ला काय म्हणायचं यावर तासभर वाद! शेजारच्या मुलीनं माझ्या गिऱ्हाइकाची साइट मोबाइलवर उघडली, तर पहिलाच फोटो चार एमबीचा. तिथंच तो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करून दिला तिनं. पानावरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, हा गूगलचा निकष मला तेव्हा खरा कळला. मी अजून तिचे आभार मानतो.

उत्तर (नाशिक):
जाहिरात नंतर. आधी प्रत्येक दुकानाचं गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलच्या शोधात आणि नकाशात दिसणारी दुकानाची माहिती) भरा, फुकट आहे. वेळा आणि फोटो खरे टाका.

प्रश्नकर्ता:
चपलांच्या साइटचा फोटो आत्ताच तपासला, सहा एमबी! आज बदलतो. तिकीटही काढतो.