बटण दाबायच्या आधीच फंक्शन का चालतं?

पायल_बीसीए
बाबांच्या किराणा दुकानासाठी पायथनमध्ये टिकिंटर (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) वापरून बिलाचा प्रोग्रॅम करतेय. 'बिल' बटणाला कमांड=बिल_दाखव() दिलंय. प्रोग्रॅम सुरू होताच शून्य रुपयांचं बिल आपोआप येतं, नंतर बटण कितीही दाबा, काहीच होत नाही. एररही नाही.

जुना_पायथनवाला
पायल, कंस काढ. कमांड=बिल_दाखव, बस्स.

पण कारण नीट समजून घे, हे रोज लागणार आहे. पायथनमध्ये फंक्शनसुद्धा आकड्यासारखं, स्ट्रिंगसारखं एक ऑब्जेक्टच असतं. नुसतं नाव लिहिलंस की ते फंक्शन हातात येतं. पुढे कंस आला की ते तिथल्या तिथे चालतं आणि हातात उरते फक्त रिटर्न व्हॅल्यू. तुझ्या फंक्शनमध्ये रिटर्न नसणार, म्हणजे बटणाला मिळालं नन (None), पायथनमधलं 'काहीच नाही'. नन मिळालं की टिकिंटर कमांड दिलीच नाही असं धरतं, म्हणून एरर नाही. दोन्ही प्रकार प्रिंट करून बघच: कंसाशिवाय फंक्शनचं नाव आणि मेमरीतला पत्ता दिसेल, कंसासकट बिल येऊन शेवटी नन.

पायल_बीसीए
चाललं दादा! आता यादीतल्या प्रत्येक मालाचं बटण लूपमध्ये बनवलं: साखर, गूळ, शेंगदाणे. कमांड=लॅम्डा: माल_टाक(नाव). कुठलंही बटण दाबलं तरी बिलात शेंगदाणेच पडतात.

जुना_पायथनवाला
लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, घेतलास ते योग्यच. आर्ग्युमेंट (फंक्शनला पुरवायची माहिती) द्यायचं तर कंस हवाच, आणि बटण दाबेपर्यंत लॅम्डा त्याला थोपवून धरतो. पण 'नाव'मध्ये काय आहे हे तो दाबल्यावर बघतो, आणि तोवर लूप शेंगदाण्यावर येऊन संपलेलं असतं. लॅम्डा नाव=नाव: माल_टाक(नाव) असं लिही; डीफॉल्ट किंमत लॅम्डा बनतानाच ठरते. मला स्वतःला पायथनच्याच फंकटूल्समधलं पार्शल जास्त आवडतं, ते फंक्शन आणि आर्ग्युमेंट आधीच एकत्र बांधून ठेवतं. वाचणाऱ्याला हेतू लगेच कळतो.

कोल्हापुरी_कोडर
जावास्क्रिप्टमध्ये सेटटाइमआउटलाही (ठरलेल्या वेळाने फंक्शन चालवणारं) फंक्शन कंसाशिवायच द्यायचं. तिथे व्हेरिएबल बनवायला २०१५ पासून 'लेट' आहे, फॉर लूपमध्ये ते दर फेरीला नवं व्हेरिएबल देतं, म्हणून शेंगदाण्यांचा घोळ होत नाही. रुबी शिकशील तेव्हा मात्र सांभाळ: तिथे नुसतं नाव लिहिलं तरी मेथड (ऑब्जेक्टचं स्वतःचं फंक्शन) चालते.

पायल_बीसीए
पार्शल लावलं, साखरेला साखर येतेय. 'पुसा' बटणाला यादी.क्लिअर दिलं, कंस न लावता. तेही चाललं!

जुना_पायथनवाला
चालणारच, ती मेथड आपली यादी सोबत घेऊनच जाते. फक्त पुढे कुठे यादी=[] असं लिहू नकोस, नाहीतर बटण जुनीच यादी पुसत राहील.