गोळी आज, फरक महिन्याभराने

नैराश्यावरच्या गोळ्यांच्या चर्चेत ‘मेंदूत सेरोटोनिन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) कमी पडतं, गोळी ते भरून काढते’ असं दोघा-तिघांनी लिहिलंय. इतकं सरळ असतं तर पहिल्या दिवशीच बरं वाटायला हवं होतं. फ्लुओक्सेटिनसारखी औषधं सेरोटोनिन परत शोषून घेणारं प्रथिन काही तासांतच अडवतात. मूड सुधारायला मात्र आठवडे जातात. एक कारण असं सांगतात: सेरोटोनिन वाढलं की ते सोडणाऱ्या पेशींवरचेच काही रिसेप्टर्स (ते रसायन ओळखणारी प्रथिनं) ‘पुरे आता’ म्हणून पुरवठा आवरतात. काही आठवड्यांनी ते बोथट होतात, मग पुरवठा खऱ्या अर्थाने वाढतो. पेशींमधल्या जोडण्या नव्याने होतात, असंही प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

२०२२ साली मानसोपचारतज्ज्ञ मॉन्क्रिफ यांच्या आढाव्यात नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेने येतं याला ठोस पुरावा सापडला नाही, हे खरं. पण म्हणून ‘गोळ्या थोतांड’ म्हणणं उतावळेपणाच. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून ताप काही पॅरासिटामॉलच्या कमतरतेने येत नाही! २०१८ च्या मोठ्या विश्लेषणात नैराश्यावरची २१ औषधं प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) सरस ठरली. फरक सरासरीने माफकच होता, तेही सांगायला हवं.

आणि मळमळ, झोप उडणं हे आधी येतं, फायदा मागाहून. बरेच जण तिथेच गोळी सोडतात, तीही डॉक्टरांना न विचारता, एकदम.